मंडालेचा चेहरा

सकाळी आमच्या यार्डाचं फाटक उघडलं की पाण्याच्या टाकीजवळ टिनमामा उकिडवा बसलेला दिसायचा. समोर सहाण, हातात कवठाच्या झाडाची साल. चंदन उगाळावं तशी तो ती साल उगाळायचा आणि ती पिवळसर उटी दोन्ही गालांवर, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फासून तशीच वाळू द्यायचा. साठीचा माणूस, अंगात जाळीचं बनियन, कमरेला चौकड्यांची लुंगी, तोंडात पान आणि गालांवर हळदीला बसलेल्या नवरदेवासारखी उटी. नवा ट्रकवाला आला की हसायचाच. मामा त्याला पुरतं हसू द्यायचा आणि मग म्हणायचा, "झालं हसून? आता उतर खाली आनि दोर सोड, माकडा." त्याच्या देशात उन्हापासून बचाव म्हणून बायापुरुष सगळे अशी साल उगाळून लावतात. तिथल्या त्या झाडाचं भावंड त्याला कर्जतच्या रानात कवठाच्या रूपाने सापडलं होतं आणि ते सापडलं त्या दिवशी तो लहान मुलासारखा नाचला होता, असं माझे वडील, दादा, सांगायचे.

टिनमामा म्हणजे ऊ टिन, ब्रह्मदेशातल्या मंडाले शहराचा मूर्तिकार. त्यांच्या भाषेत नावापुढे 'ऊ' लावतात, त्याचा अर्थ मामा किंवा काका. म्हणून आमच्या दादांनी त्याला टिनमामा केलं आणि तो सगळ्या यार्डाचा मामा झाला. कर्जत-चौक रस्त्यावर आमचं संगमरवर आणि ग्रॅनाइटचं यार्ड आहे. दादांनी ते सुरू केलं, त्यांच्या मागे मी चालवते. या यार्डाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिनमामाने तीसेक वर्षं बुद्ध कोरले.

ब्रह्मदेशातला, बुद्धाच्या मूर्ती करणारा, म्हातारा, एवढं ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मंद हसणारा कुणी साधुपुरुष येतो. त्याच्या शोकसभेत एका वक्त्याने त्याला 'करुणेचा सागर' म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून माइक हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. अहो, करुणेचा सागर कसला! माझ्या ओळखीतला सगळ्यात रागीट माणूस होता तो. पॉलिश करणाऱ्याने घाईत ओरखडा पाडला तर हातातली हातोडी शेडच्या पत्र्यावर मारायचा. पत्र्याला पडलेले ते पोचे अजून आहेत. पण त्याचा राग कधी उगाच नसायचा. ज्यावर रागवायलाच हवं, त्यावर बाकीचे आपण का गप्प बसतो, हे मला त्याच्याकडे बघून कळायचं नाही. आणि आता मला ते कळूनही घ्यायचं नाही.

तो ऐन पंचविशीत देश सोडून आला. त्याच्या शहरात रस्त्यावर सैन्य उतरलं होतं, बरोबरीची पोरं घरातून उचलली जात होती. डोंगर चढून तो मणिपुरात उतरला, तिथून दिल्ली, मग राजस्थानातल्या संगमरवराच्या खाणी, आणि शेवटी कर्जतजवळ एका चित्रपटाच्या सेटवर प्लास्टरचे खांब करायला आला. शूटिंग संपलं, सेट मोडला, कंत्राटदार पसार झाला. टिनमामा दादांकडे आला तो पांढऱ्या दगडाचा एखादा फुटका तुकडा मिळेल का, हे विचारायला. दादांनी एक लादीचा तुकडा दिला. संध्याकाळपर्यंत त्यातून एक हात निघाला, गुडघ्यावरून खाली आलेला, बोटं जमिनीला टेकवलेला. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी देव विसर्जन करून दीक्षा घेतलेली. भूमीला टेकलेला तो हात कुणाचा, हे दादांना सांगावं लागलं नाही. त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

मराठी तो आमच्या हमालांकडून शिकला, म्हणून त्याची मराठी आमच्या गावचीच होती. "हाय, नाय, आमी, तुमी" असं बोलणारा तो ब्रह्मी माणूस पाहून मुंबईची गिऱ्हाइकं चक्रावायची. त्यांच्या लेखी बारीक डोळ्यांचा माणूस म्हणजे नेपाळी आणि नेपाळी म्हणजे वॉचमन. "ए नेपाळी, गेट खोल" हे त्याने हजारदा ऐकलं असेल. दर वेळी तो उत्तर द्यायचा, "नेपाळी चांगला मानूस. पन मी नाय. मी मंडाले." एकदा शेलूच्या एका नव्या टॉवरमध्ये लॉबीतली मूर्ती बसवायला तो गेला, तर तिथल्या सेक्रेटरीने त्याला पार्किंगमध्ये शिटी हातात देऊन उभं केलं. मामाने शिटी खिशात टाकली आणि मूर्ती न बसवता टेंपो परत आणला. सेक्रेटरी स्वतः यार्डात येईपर्यंत मूर्ती दिली नाही.

त्याचं एक लाडकं वाक्य होतं, "तोंड नंतर." कुठल्याही गोष्टीची घाई केली की तो हेच म्हणायचा. मंडालेत मोठ्या पॅगोड्याच्या बाहेर मूर्तिकारांची एक सबंध गल्ली आहे. तिथे रस्त्याच्या कडेला पांढऱ्याशुभ्र मूर्ती रांगेने बसलेल्या असतात, मांडी झाली आहे, चिवराच्या चुण्या झाल्या आहेत, बोटंसुद्धा झाली आहेत, आणि मानेवर मात्र नुसता चौकोनी ठोकळा. अंग कुणीही कोरतं. चेहरा फक्त घरातला जाणता माणूस कोरतो, आणि तोही मूर्ती कुठे जाणार, कुणापुढे बसणार हे ठरल्यावर. टिनमामाचा बाप त्या गल्लीत चेहरा कोरणारा म्हणून ओळखला जायचा. देश सोडायच्या आधीच्या वर्षी त्याने पोराला चेहरा शिकवला. "येताना मी काय आनलं, सांगू रंजे?" तो मला म्हणायचा. "कपडा नाय, भांडं नाय. बापाचं तोंड आनलं, हातात."

तो चेहरा मी इतक्यांदा पाहिला आहे की डोळे मिटूनही सांगेन. रुंद कपाळ, भरलेले गाल, थोडं बसकं नाक, खांद्याला टेकणारे कान, आणि ओठांच्या कोपऱ्यात आता हसू फुटेल असा भाव. पापण्या एवढ्या खाली झुकलेल्या की उभं राहून बघणाऱ्याला वाटावं, झोप लागली आहे. गिऱ्हाईक तसं म्हणायचंच. मग मामा दरडावायचा, "उबं राहून काय बघतो? बस खाली. मंग बोल." जमिनीवर बसून मान वर केली की अंगावर काटा यायचा. ती झोपेतली नजर थेट आपल्यावर असायची. उभ्या माणसासाठी ती मूर्ती नव्हतीच, पुढ्यात बसणाऱ्यासाठी होती.

आणि पुढ्यात बसणारं कुणी नव्हतं. कर्जत-खालापूरला फार्महाऊसांचं पीक आलं, आणि आमच्या यार्डाची चलती झाली ती त्यांच्यामुळेच, हे मी नाकारत नाही. पण टिनमामाच्या मूर्ती गेल्या कुठे? लॉनवर, कारंज्यात, न्हाणीघराच्या कोनाड्यात. चौकजवळच्या एका फार्महाऊसवर ओट्याची लादी मोजायला आम्ही दोघं गेलो होतो. पोहण्याच्या तलावाशेजारी त्याचाच बुद्ध होता. खांद्यावर ओला टॉवेल, डोक्यावर कुणाचा तरी पोहण्याचा पोशाख वाळत टाकलेला, मांडीत बाटलीची झाकणं. मामा सरळ मूर्तीपाशी गेला. टॉवेल काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला. तो पोशाखही घडी करून ठेवला. मग तलावाचं पाणी बादलीने घेऊन मूर्ती धुऊ लागला. मालक वरच्या गॅलरीतून ओरडला, "ए नेपाळी, क्या कर रहा है? हात मत लगा, इटालियन पीस है!"

इटालियन! मामाने वर पाहिलं. त्या दिवशी त्याने ज्या शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या ब्रह्मी होत्या, उरलेल्या आमच्या हमालांच्या. मालकाला एकही कळली नसावी. मला सगळ्या कळल्या आणि मी त्यात दोन माझ्या घातल्या. ते काम आमचं गेलं. जाऊ दे गेलं तर.

तेव्हापासून त्याने फार्महाऊसला चेहरा देणं बंद केलं. "अंग घ्या. तोंड नाय." मानेवरचा ठोकळा जरा गोल करून तो मूर्ती तशीच द्यायचा. मला वाटलं होतं, आता कुणी घेणार नाही. झालं उलटंच. एक इंटिरियरवाली बाई आली, बिनचेहऱ्याचा बुद्ध पाहून हात छातीशी नेत म्हणाली, "किती मिनिमल!" आणि मग लोणावळ्यापासून बदलापूरपर्यंत बिनचेहऱ्याच्या बुद्धाची टूम निघाली. मामाने तिचा अपमान केला होता आणि ती त्याला शैली म्हणत होती. तो हसून हसून खोकायला लागला. तो खोकला पुढे थांबलाच नाही. आयुष्यभर नाकातोंडात गेलेला दगड छातीत बसला होता.

दर पौर्णिमेला तो कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या जुन्या बौद्ध लेण्यात जाऊन बसायचा. एकदा मी बरोबर होते. पाण्याने झिजलेल्या त्या काळ्या दगडाला हात लावून तो म्हणाला, "हितल्यांची नावं कुनाला ठावं नाय. पन लोक हितं येऊन बसलं, हजार वर्सं बसलं. माजी एक तरी मूर्ती आशी पायजे, रंजे. जिच्यापुढं कोनतरी बसंल." त्याला मान नको होता, पेपरात फोटो नको होता. मंडालेचा तो चेहरा या मुलखात कुठेतरी खरा व्हावा, कुणाकडे तरी बघत राहावा, एवढंच त्याला हवं होतं. डॉक्टरने छातीचा फोटो पाहून मान हलवली होती. हातात फार वेळ नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

म्हणून आमच्या गावच्या नव्या विहारासाठी मूर्ती करायचं निघालं तेव्हा मला केवढा आनंद झाला. विहार समितीचे अध्यक्ष माझे सख्खे चुलते, अण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेले, गावासाठी राबणारे, सरळ माणूस. सरळ माणसं केवढा घात करू शकतात हे मी त्यांच्याकडूनच शिकले. दगड मी दिला, मामाने मेहनत दिली. धापा टाकत, श्वासासाठी औषधाचा पंप ओढत त्याने अंग पुरं केलं. मूर्ती विहारातल्या चौथऱ्यावर चढवली. मानेवर ठोकळा तसाच. अण्णा म्हणाले, "मामा, आता तोंडाचं बघा की." मामाचं उत्तर ठरलेलंच, तोंड नंतर.

आणि मंडालेला धरणीकंप झाला.

मोबाइलवर चित्रं येत होती. मामा मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती गल्ली शोधत होता. नातेवाइकांचा फोन लागायला आठवडा गेला. बापाचं दुकान बसलं होतं, रांगेतल्या मूर्ती तोंडावर पडल्या होत्या, गल्लीतली चेहरा कोरणारी दोन म्हातारी माणसं ढिगाऱ्याखाली गेली होती. मामा रडला नाही. उटीही न लावता तो छिन्न्यांची पिशवी घेऊन गावात गेला आणि विहाराचं दार लावून घेतलं. फक्त अण्णांच्या बायकोला, माझ्या भागाकाकूला, त्याने आत घेतलं. काकूचे गुडघे दुखतात, तरी तिला त्याने मूर्तीसमोर जमिनीवर बसवलं. "काकू, हालू नको. तुज्या उंचीवर त्याची नजर आनायची हाय." तो पापणी एक कणभर कोरायचा, खाली उतरायचा, काकूच्या शेजारी बसून वर बघायचा, पुन्हा चढायचा. असं बरेच दिवस चाललं. भाकरी टाकायची सोडून काकू तिथे बसायची. शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "रंजे, काल नुसता दगुड व्हता गं. आज बघाय लागला."

मी जाऊन बसले. तोच चेहरा. पण इतका सुंदर त्याने आधी कधी कोरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मामा यार्डात कोसळला आणि मी त्याला पनवेलला दवाखान्यात नेलं.

आम्ही दोघं तिकडे असताना समितीची माणसं मूर्ती पाहून गेली. अण्णांचा मला फोन आला. "रंजे, मूर्ती झ्याक हाय. पन त्वांड नेपाळ्यासारखं दिसतंय गं. पोरं इचारत्यात, ह्यो कोन?"

"अण्णा, बुद्धाचा जन्म कुठं झाला? लुंबिनीत. लुंबिनी कुठं आहे? नेपाळात!"

"ते मला नको शिकवू. आपल्या बापजाद्यांनी देव सोडलं ते काय उगाच? घराघरात जो फोटो हाय, त्यो आपला बुद्ध. म्हातारी मानसं त्या फोटोला हात जोडून मेली. त्यांना वळख पटाय नको?"

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्या फोटोपुढे मीही वाढले. मी एवढंच म्हटलं, मामा बरा होऊन येऊ दे, समोर बसून बोला. अण्णा "बरं" म्हणाले. समितीने मात्र बुद्धपौर्णिमेची पत्रिका आधीच वाटली होती, पाहुणे ठरले होते, मांडव सांगितला होता.

पौर्णिमेला मामा डॉक्टरचं न ऐकता आला. नवी लुंगी, गालांवर उटी. मूर्तीवर पडदा होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, सगळ्यांनी हात जोडले, वंदना सुरू झाली. मी वर पाहिलं.

मूर्ती सोनेरी ऑइलपेंटने रंगवली होती. केस निळे. बसक्या नाकावर पुट्टीचं धारदार नाक चढवलं होतं. आणि त्या झुकलेल्या पापण्यांवर पुट्टीचा थर देऊन त्यावर दोन मोठे टपोरे डोळे काढले होते, काळ्या रेघेने आखलेले, काळ्या बुबुळात पांढरी चमक सोडलेले. आमच्या जिल्ह्यात असे डोळे कोण काढतो हे कुणालाही सांगता येईल. पेणकडच्या गणपतीच्या कारखान्यातला रंगारी बोलावला होता. त्या बिचाऱ्याने त्याला येत होतं ते मन लावून केलं. गणपतीच्या डोळ्यांची आखणी बुद्धाला केली. देव विसर्जन केलेल्या माझ्या आजोबांच्या गावात, आपला बुद्ध हवा म्हणून हट्ट धरून, यांनी बुद्धाला गणपतीचे डोळे लावले. आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

"डोळं कुनी उघडलं?" मामाचा आवाज वंदनेच्या वर गेला. लोकांनी "शूऽऽ" केलं. वंदना संपेपर्यंत तो उभाच होता. मग चौथऱ्यावर चढला आणि अंगठ्याने गाल चाचपला. पुट्टी धरावी म्हणून गालांवरून आणि नाकावरून ग्रायंडर फिरवला होता. बापाचा तो चेहरा खरवडून काढला होता.

मी अण्णांवर तुटून पडले. अण्णा म्हणत होते, "जरा पुट्टी लावली गं. सोनेरी रंगानं झळाळी आली की नाय?" मामा खाली उतरला. "रंगाचं कायबी नाय," तो म्हणाला. "आमच्याकडं लोक सोन्याचा वर्ख लावून लावून मूर्तीचं अंग सुजवत्यात. लावू दे सोनं." त्याने मला हाताला धरून काकूच्या जागेवर बसवलं. "बघ. दिसतो का तुला? तो तुला बघत नाय. दाराभायेर रस्त्याला बघतोय."

खरंच, ते टपोरे डोळे आमच्या डोक्यावरून दाराबाहेर बघत होते, फार्महाऊसला जाणाऱ्या गाड्यांकडे.

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "नेपाळहून आलेल्या आपल्या कलाकारांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार." मामा स्टेजवर गेला. शाल त्याने घेतली नाही. नारळ घेतला, हातात तोलून पाहिला आणि अण्णांच्या हातात परत ठेवला. "ह्यो ठेव तुज्याकडं. पुढच्या मूर्तीला नाक करायला." मांडवात एकही माणूस हसला नाही. मी हसले, मोठ्याने, आणि मग हुंदका आवरेना.

मी त्याला म्हटलं, उद्या आपण दोघं येऊ, पुट्टी खरवडू, उरलेल्या दगडातून तू पुन्हा काढ. त्याने मान हलवली. "लोकांनी हात जोडलं, रंजे. लोकांनी हात जोडलं की छिन्नी बंद. आमच्यात पाप हाय त्ये. माजी नाय आता ती." मग खोकल्याची उबळ संपल्यावर म्हणाला, "वंदनेच्या आदी मला कुनी दाखवली आसती, तर…" यापुढे त्याने कुणाकुणाला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. एकही शब्द चुकीचा नव्हता.

भागाकाकू बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. मी तिला विचारलं, "तू तर रोज तिथं बसलीस. का नाही अडवलंस त्यांना?" काकू म्हणाली, "मला कोन इचारतंय गं?" मला तिचाही राग आला. तो राग खरा कुणावर धरायला हवा हे माहीत असूनही आला.

त्यानंतर मामाने छिन्नी हातात घेतली नाही. आषाढ लागायच्या सुमारास तो पुन्हा दवाखान्यात गेला. वॉर्डबॉय त्याला "ए नेपाळी बाबा" म्हणायचा, आणि मामा नळी लावलेल्या तोंडाने त्याला सांगायचा, "मंडाले." मी गेले की तो एकच गोष्ट विचारायचा. "कोन बसतं का समोर?" बसतात, मी सांगायची. पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालंय, रोज संध्याकाळी चाळीसेक माणसं बसतात. मग तो विचारायचा, "बघतो का तो?" हो म्हणणं किती सोपं होतं. पण त्या माणसाला त्या मूर्तीबद्दल खोटं सांगायची माझी छाती झाली नाही. मी त्याची चादर नीट करायची. एका दुपारी तो गेला.

समितीने शोकसभा घेतली. बॅनरवर त्याचा मोठा फोटो होता, त्याखाली 'ब्रह्मदेशाचे थोर शिल्पकार'. जिवंतपणी नेपाळ, मेल्यावर ब्रह्मदेश. करुणेचा सागर तिथलाच.

संगमरवराच्या धंद्यात वाढलेल्या मला एक गोष्ट ठाऊक होती. गुळगुळीत दगडावरची भिंतीची पुट्टी आमच्याकडच्या पावसात टिकत नाही. गालांवर ग्रायंडर फिरला होता, तिथे ती घट्ट होती. पापण्यांचा दगड मात्र मामाने आरशासारखा घोटला होता. मी स्वतः बोटही लावलं नाही, कारण लावायचं नाही असं तो सांगून गेला होता. विहाराला ओल आली, सोनेरी रंगाला फोड आले. आणि भाद्रपदात एका संध्याकाळी, अण्णा ग्रंथ वाचत असताना, उजव्या डोळ्याचा पापुद्रा सुटून चौथऱ्यावर पडला. पाठोपाठ डावा. वाचन थांबलं.

अण्णा ग्रंथ मिटून उठले, चौथऱ्याजवळ गेले, तुकडे उचलले. "उद्याच रंगाऱ्याला फोन लावतो," ते म्हणाले.

"कुनाला फोन लावू नका." भागाकाकू बोलली. चारचौघांत नवऱ्याला तिने असं कधी अडवलेलं मी पाहिलं नव्हतं. ती पुढच्या रांगेत, आपल्या जागेवर बसली होती, मान वर करून. "तुमी उबं हाव म्हनून तुमाला दिसत नाय. हितं या. बसा खाली."

अण्णा आले. तिच्या शेजारी, गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू बसले. त्यांनी वर पाहिलं. खरवडलेले गाल तसेच होते, पुट्टीचं नाक तसंच होतं, रंगाचे पोपडे सुटले होते. पण पापण्या शाबूत होत्या. अण्णा बघत राहिले. त्यांचे हात जोडले गेले. आणि तो माणूस, ज्याने स्वतः शोकसभेचा बॅनर बांधला होता, मागे वळून भारावल्यासारखा म्हणाला, "आरं, टिनमामाला बोलवा रं कुनीतरी. त्याला सांगाय पायजे."

आपण काय बोललो ते अण्णांना कळायला वेळ लागला, आणि तेवढाही वेळ मी त्यांना दिला नाही.

"कुठून बोलवू, अण्णा?" मी ओरडले. विहारात ओरडायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. "सांगा ना, आता कुठून बोलवू?"